लग्नाची सीडी लागत नाही? टाकून देऊ नका!

आखाजीला मी माहेरी, धुळ्याला गेले की दुपारची जेवणं आटोपल्यावर आई आणि मी ओट्यावर गप्पा मारत बसतो. २०२५ च्या आखाजीलाही अशाच बसलो होतो. समोर निंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. मध्येच आई म्हणाली, "पोरी, तुझ्या लग्नाची सीडी शे ना तुझ्याजवळ? एकदा लाव ना. माले तेस्ना आवाज ऐकना शे."

'तेस्ना' म्हणजे माझ्या आप्पांचा. आप्पांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांचे फोटो घरात पुष्कळ आहेत. पण आवाज कुठेच नाही. त्यांच्या हातात शेवटपर्यंत साधा बटणांचा फोन होता. २००९ च्या मे महिन्यात झालेल्या माझ्या लग्नाच्या तीन सीड्या, एवढाच काय तो त्यांचा आवाज शिल्लक. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "त्यात काय! घरी गेले की कॉम्प्युटरवर लावते आणि फोनवर पाठवते तुला."

मैत्रिणींनो, हा शब्द पाळायला मला दिवाळी उजाडली. मधल्या सहा महिन्यांत मी जी धडपड केली, ती इथं सांगतेय. कारण अशा सीड्या तुमच्याही कपाटात, शालूच्या घडीखाली नाहीतर दागिन्यांच्या पावत्यांच्या पिशवीत नक्की असतील.

पहिली फजिती

दीपनगरला परत आले आणि आमचा जुना कॉम्प्युटर पुसूनपासून सुरू केला. तो २०११ सालचा. बटण दाबलं तर सीडीचा ट्रे बाहेरच येईना! आमच्या ह्यांनी एक युक्ती दाखवली, ती लिहून ठेवा. ड्राइव्हच्या तोंडावर टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून त्यात सरळ केलेली यू-पिन हलकेच दाबली की ट्रे पुढे सरकतो. सरकला. सीडी ठेवली, ट्रे ढकलला. आतून घर्र घर्र असा आवाज आला आणि सगळं थंड!

सीड्या घेऊन भुसावळला एका दुकानात गेले. दुकानदाराने सीडी उजेडात धरली आणि म्हणाला, "ताई, सोळा वर्षांची सीडी आहे. खराब झालीय. फेकून द्या."

मी फेकली नाही, पण विश्वास मात्र ठेवला. सीड्या कपाटात गेल्या. आईचा फोन आला की मी म्हणायची, "अगं, सापडत नाहीयेत." खोटं बोलणं सोपं होतं, आप्पांचा आवाज गेला, हे सांगणं जड होतं.

पुढे ऑगस्टमध्ये, मी अर्धा दिवस शिकवायला जाते त्या शाळेत एक जुना कॉम्प्युटर मोकळा दिसला. त्यावर विंडोज नाही, 'उबुंटू' नावाचं लिनक्स आहे. म्हटलं, बघू तरी. तीन नंबरची सीडी घातली आणि काय सांगू! दोन मिनिटांत पडद्यावर आमचा मांडव! कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते, त्यामुळे मुका सिनेमाच; पण निळ्या सदऱ्यातले आप्पा लगबगीने इकडून तिकडे जाताना स्पष्ट दिसले.

म्हणजे सीडी धडधाकट होती. आमचा ड्राइव्ह धुळीने आंधळा झाला होता. एक साधा नियम मी विसरले होते. दिवा लागला नाही तर आपण आधी बल्ब बदलून बघतो, लगेच भिंतीतली वायर उखडत नाही. तसंच इथं. सीडी चालली नाही तर त्याच ड्राइव्हमध्ये दुसरी चांगली सीडी घालून बघा, आणि तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये. मगच कोण बिघडलंय ते ठरवा.

पेटी, मोडी आणि किल्ली

इतक्या उलाढालीनंतर मला एक गोष्ट समजली. सीडी म्हणजे फोटोसारखं काही नव्हे, की हातात घेतलं आणि दिसलं. ती आहे पणजोबांच्या पेटीतल्या मोडी पत्रासारखी. पत्र वाचायला आधी डोळे हवेत, मग मोडी यायला हवी, आणि पेटीला कुलूप असेल तर किल्लीही हवी. तिन्हींपैकी एक नसेल तरी पत्र वाचता यायचं नाही. म्हणून काही पत्र खराब झालं असं होत नाही.

इथे डोळे म्हणजे ड्राइव्ह. मोडी म्हणजे चित्र साठवण्याची भाषा. आपण ज्याला सरसकट 'सीडी' म्हणतो ती बहुधा व्हीसीडी असते, १९९३ साली ठरलेली. तिची भाषा 'एमपेग-१' आणि तिच्यात सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावतो. म्हणून लग्नाच्या तीन-तीन सीड्या मिळायच्या आणि सिनेमा मध्येच थांबवून दुसरी सीडी लावावी लागायची. तिच्यामागून १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी बाजारात आली. तिची भाषा 'एमपेग-२'. साध्या सीडीत सातशे एमबी मावतात, तर डीव्हीडीत ४.७ जीबी.

आता कुलूप. बाजारातून विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीला बहुतेक वेळा एक गुप्त कुलूप असतं, कोणी नक्कल करू नये म्हणून. शिवाय जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला नंबर दिलेत. आपला भारत पाच नंबरात, अमेरिका एकमध्ये, युरोप, जपान आणि आखाती देश दोनमध्ये. माझ्या नणंदेने अमेरिकेहून मुलांसाठी पाठवलेली कार्टूनची डीव्हीडी आमच्याकडे लागली नाही ती ह्याच कारणाने! अशा वेळी कॉम्प्युटर विचारतो, 'रीजन बदलू का?' उत्साहाने 'हो' म्हणू नका. ड्राइव्हला असा बदल फक्त पाच वेळा करता येतो. नंतर तो शेवटच्या नंबरावर कायमचा बसतो.

पण आनंदाची गोष्ट अशी, की लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या सीडीला कुलूप नसतंच. व्हीसीडीला तर कधीच नव्हतं.

ह्या बिनकुलपी व्हीसीडीने आपल्या भागाला बरंच काही दिलं. शेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी गावातलीच माणसं घेऊन 'मालेगाव के शोले' काढला, तो २००० साली आला. त्या गावच्या सिनेमावेडावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट थेटरात लागला. साधा कॅमेरा आणि साधी सीडी. बनवायला सोपी आणि लावायलाही. पुढे २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर किराण्याच्या पिशवीतूनही सिनेमे घरी येऊ लागले. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. सीड्या मात्र आपल्या घरात राहिल्या.

तीन घरच्या तीन तऱ्हा

शाळेतल्या अनुभवाने हुरूप आला. म्हटलं, आता सीडीतली फिल्म पेन ड्राइव्हवर उतरवू. पण लिनक्सने इथे पाय अडवला. व्हीसीडी लावून बघता येते, पण तिच्यातली फाइल नेहमीसारखी कॉपी करायला गेलं की चूक दाखवतं. व्हीसीडीवर माहिती लिहिण्याची तऱ्हाच वेगळी असते, हे त्याचं कारण. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी सांगितलं, "मॅडम, हे काम विंडोजवर करा."

घरात मुलीचा नवा लॅपटॉप होता, विंडोज ११ चा. त्याला सीडीचा ड्राइव्हच नाही. शेवटी यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मागवला. रोजच्या वापरातल्या एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत येतो. ड्राइव्ह जोडला, सीडी घातली. 'एमपेगएव्ही' नावाचा फोल्डर दिसला, त्यात 'डॅट' ने संपणाऱ्या फाइली. त्यावर क्लिक केलं तर लॅपटॉप मलाच विचारतो, ही फाइल कशात उघडू? सासूबाईंसाठी घेतलेली जुन्या मराठी सिनेमाची डीव्हीडी घातली, तर तीही चालेना.

विंडोजची ही गोष्ट गमतीची आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत डीव्हीडीसाठी वेगळा प्रोग्राम लागायचा. तो पुष्कळदा ड्राइव्हबरोबर मिळे. मग व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या महागड्या आवृत्त्यांत ही सोय आयती आली. पण भारतासारख्या देशांत 'होम बेसिक' नावाची जी स्वस्त आवृत्ती विकली जाई, तिच्यात ती नव्हती. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेमकी तीच! आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तर ही सोय सगळ्यांचीच काढून टाकली. डीव्हीडीची भाषा वापरायची तर प्रत्येक प्रतीमागे परवान्याचे पैसे मोजावे लागतात आणि डीव्हीडी बघणारे कमी झाले, असं कंपनीचं म्हणणं. विंडोज १० मध्ये डीव्हीडी बघण्याचा प्रोग्राम बहुतेकांना वेगळा विकत घ्यावा लागे. म्हणजे जुन्या घरात होती ती खिडकी नव्या घरात बुजवून टाकली, असंच झालं.

दिवाळीला पुण्याहून धाकटे दीर आले. त्यांच्याजवळ ॲपलचा मॅक आणि त्याचा जुना, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह. सासूबाईंची डीव्हीडी घातली मात्र, आपोआप सिनेमा सुरू! मॅकमध्ये डीव्हीडी लावणारा प्रोग्राम फार वर्षांपासून आयता असतो. भावजी मिश्या पिळायला लागले. मग मी हळूच लग्नाची सीडी पुढे केली. तो आयता प्रोग्राम गप्प! तो डीव्हीडी जाणतो, व्हीसीडी नाही. शिवाय मॅकमध्ये ड्राइव्ह तरी कुठे असतो? २००८ मध्ये मॅकबुक एअर ड्राइव्हविना आला आणि २०१६ मध्ये ड्राइव्ह असलेला शेवटचा मॅक लॅपटॉपही विक्रीतून गेला.

लिनक्सवर सासूबाईंची डीव्हीडी मी आधीच लावून पाहिली होती. तिथे कुलूप उघडणारा 'लिबडीव्हीडीसीएसएस' नावाचा तुकडा वेगळा बसवावा लागतो. इंटरनेट असेल आणि कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड माहीत असेल तर एकदाच करायचं काम आहे. उबुंटूत त्यासाठी 'लिबडीव्हीडी-पीकेजी' नावाचं पॅकेज असतं. आमच्या सरांनी चहा निवायच्या आत बसवून दिलं.

थोडक्यात काय, सिनेमाच्या डीव्हीडीला मॅक सोपा, लग्नाची व्हीसीडी उतरवून घ्यायला विंडोज सोपं, आणि लिनक्स एकदा हाताशी आणलं की दोन्ही दाखवतं. हुशार एकच आणि बाकीचे ढ, असं काही नाही.

सगळीकडे चालणारा शंकू

तिन्ही घरी उपयोगी पडला तो एकच फुकट प्रोग्राम, 'व्हीएलसी'. नारिंगी रंगाचा, रस्त्यावर ठेवतात तसा शंकू हे त्याचं चिन्ह. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं आणि २००१ पासून तो सगळ्यांना मोकळा झाला. व्हीसीडीची आणि डीव्हीडीची, दोन्ही भाषा त्याला येतात. विंडोजवर आणि मॅकवर तर कुलपाची किल्लीही त्याच्याच खिशात असते.

तुमच्यापैकी कोणी २०२२ मध्ये तो उतरवून घ्यायचा प्रयत्न केला असेल आणि पानच उघडलं नसेल, तर चूक तुमची नव्हती. त्या वर्षी काही महिने व्हीएलसीचं संकेतस्थळ भारतात बंद केलेलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा मोकळं झालं. मात्र घ्यायचा तो व्हिडिओलॅन ह्या मूळ संस्थेच्याच स्थळावरून. पैसे मागणाऱ्या, भलत्याच जाहिराती दाखवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. व्हीएलसीला एक रुपयाही पडत नाही.

उतरवून कशी घ्यायची?

व्हीसीडी असेल तर विंडोजवर 'एमपेगएव्ही' फोल्डर उघडा, त्यातल्या मोठ्या फाइली कॉपी करून कॉम्प्युटरवर ठेवा आणि व्हीएलसीत उघडा. घरगुती डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ-टीएस' हा फोल्डर अख्खाच्या अख्खा घ्या. आतल्या फाइली सुट्या करू नका. मग एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक बहिणीकडे किंवा भावाकडे. सगळी अंडी एका टोपलीत ठेवून चालत नाही. हे सगळं आपल्या घरच्या सीड्यांबद्दल हं! सिनेमाच्या डीव्हीडीच्या नकला काढणं कायद्यात बसत नाही.

ड्राइव्ह जोडल्यावर नुसताच टकटक करत असेल तर त्याला वीज कमी पडत असेल. मोठ्या कॉम्प्युटरच्या पुढच्या नव्हे, मागच्या यूएसबीत जोडून बघा. डीव्हीडी घरच्या ड्राइव्हवर चालते आणि दुसरीकडे अजिबात नाही, असं असेल तर ती रेकॉर्ड केल्यावर 'फायनलाइज' करायची राहिली असेल. ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्यावरच ते काम करून घ्यावं लागतं.

सीडीची निगा

१) घरी भरलेल्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो, ऊन आणि उष्णता त्याचे वैरी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा पत्र्याखालची माळ्यावरची पेटी ही सीडीची जागा नव्हे. आतल्या खोलीतलं कपाट बरं.

२) पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ पुसा. ताट पुसतो तसं गोल गोल नको. डाग असेल तर पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून पुसा. थिनर, रॉकेल अजिबात नाही.

३) आपण चकचकीत बाजू जपतो आणि नावाच्या बाजूवर बॉलपेनने लिहितो. साध्या सीडीत हीच बाजू नाजूक असते. माहितीचा थर तिच्या लगेच खाली असतो. चिकटपट्टी, स्टिकर लावू नका आणि लावलेलं ओढून काढू नका.

४) सीड्या एकीवर एक न रचता, डबीत उभ्या ठेवा.

आता माझ्या तीन सीड्यांचं काय झालं ते सांगते. तीन नंबरची मुलीच्या लॅपटॉपवर सरळ उतरली. दोन नंबरची आमच्या नव्या ड्राइव्हवर अर्ध्यात अडकली. पण भावजींच्या जुन्या ड्राइव्हने ती पुरी वाचली आणि व्हीएलसीतूनच आम्ही ती उतरवून घेतली. एक नंबरची मात्र तिन्ही ठिकाणी चालली नाही. ती मी कित्येक वर्षं वरच्या माळ्यावर वेगळी ठेवली होती, खास जपून! त्यात हळद होती, आणि माझी आजी होती. ते गेलं. त्या दुकानदाराचं म्हणणं तिघींपैकी एकीपुरतं खरं ठरलं. त्याचं ऐकून तिन्ही फेकल्या असत्या तर?

भाऊबिजेला धुळ्याला गेले ती पेन ड्राइव्ह घेऊनच. भावाच्या टीव्हीला लावला. पाठवणीचा प्रसंग. सगळ्या बायका रडताहेत, सनई वाजतेय, मी आईच्या गळ्यात पडलेली. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, चित्रात न दिसता, आप्पा कुणावर तरी ओरडतात, "अरे, पाणीना जार गाडीमा ठेवा का?"

एवढंच. सोळा वर्षांपूर्वीच्या उन्हात लेकीला वाटेत तहान लागेल म्हणून केलेली चौकशी. तेव्हा ती मला ऐकूही आली नव्हती.

आई काही बोलली नाही. पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "परत लाव."

मैत्रिणींनो, जुने ड्राइव्ह बंद पडताहेत, नव्या कॉम्प्युटरांना ते नसतातच आणि कपाटातली सीडी दर उन्हाळ्याला थोडी थोडी झिजतेय. ह्या रविवारी पापडाचं पीठ बाजूला ठेवा आणि ती पिशवी आधी शोधा.